दगडाबरोबर आलेले

रात्री दिवे मालवल्यावर समुद्री टाकीतून 'टक्' असा कोरडा, स्पष्ट आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकून उठतो आणि काच तडकली की काय म्हणून आधी फरशी चाचपतो. फरशी कोरडी असते. दोन दिवसांनी एक गोगलगाय मेलेली सापडते, तिच्या शंखाचा तुकडा उडालेला. मग एक छोटा मासा दिसेनासा होतो. त्याचं प्रेतही सापडत नाही. टाकीत आपण सोडलेल्या प्राण्यांखेरीज आणखी कुणीतरी राहतंय हे घरातल्यांच्या तेव्हा लक्षात येतं.

खाऱ्या पाण्याच्या टाकीचा नाद असणाऱ्यांमध्ये ही कहाणी घरोघरची आहे. आवाज ऐकला की दोन संशयितांची नावं घेतली जातात. पहिली पिस्तूल कोळंबी. हिचा एक आकडा, म्हणजे नांगी, दुसऱ्यापेक्षा खूप मोठा असतो. तो ती उघडून झटक्यात मिटते, त्यातून पाण्याची चिळकांडी इतक्या वेगाने सुटते की मागे वाफेचा बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो हा बुडबुडा फुटल्यामुळे, आकडा आपटल्यामुळे होत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2000 साली वेगवान कॅमेऱ्याने हे दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांना समुद्राखाली सतत कडकडाट ऐकू यायचा, त्याचा उगमही याच कोळंब्यांमध्ये सापडला होता.

दुसरा संशयित मँटिस श्रिंप. नावात श्रिंप असली तरी ही खरी कोळंबी नव्हे; कवचधारी प्राण्यांतलं हे फार जुनं, वेगळं घराणं आहे. त्यातल्या काही जाती शिकारीला भाल्यासारखे काटेरी हात वापरतात, तर काहींच्या हाताला हातोडीसारखा गोळा असतो. टाकीवाले धसका घेतात तो हातोडीवाल्यांचा. 1998 मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या सी लाइफ सेंटरमध्ये 'टायसन' नावाच्या मोरपंखी मँटिसने पाव इंच जाडीची काच फोडली होती. घरच्या टाकीत येणारे मँटिस त्याच्यापेक्षा बरेच लहान असतात आणि काच फुटल्याची उदाहरणं अगदी विरळा. खेकडे, शंख आणि झोपलेले मासे मात्र त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत.

हे पाहुणे येतात दगडातून, आणि त्या दगडाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपल्या समुद्री टाक्यांविषयी लिहिलं. त्यांच्या टाकीत मोठी गाळणयंत्रं नव्हती. समुद्रातून उचललेले जिवंत दगड, समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांची टाकी चालायची. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी या पद्धतीला नीट आकार दिला आणि ती जगभर पसरली. 'जिवंत दगड' म्हणजे प्रवाळांच्या जुन्या सांगाड्याचा सच्छिद्र चुनखडक. त्याच्या बाहेरच्या थरातले जीवाणू माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून पाण्याबाहेर सोडतात. टाकीचं यकृत म्हणावं असा हा दगड. पण समुद्रातला दगड घेताना त्याच्या पोकळ्यांत राहणारं सगळं गणगोतही घरी येतं.

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातल्या केंद्रीय हद्दीतून असे नैसर्गिक दगड उपसायला 1997 पासून बंदी आली. त्याला पर्याय म्हणून फ्लोरिडातल्या काही लोकांनी समुद्रतळाचे तुकडे भाड्याने घेतले, खाणीतला चुनखडी दगड बोटींनी नेऊन तिथे टाकला आणि काही वर्षांनी पाणबुडे उतरवून तो वर काढायला सुरुवात केली. मला हा मार्ग पटतो; प्रवाळांच्या रीफला हात न लावता दगड मिळतो. मात्र तो दगड वर्षानुवर्षं खुल्या समुद्रात पडलेला असतो, त्यामुळे त्यात स्पंज, शेवाळ, कालवं, खेकडे सगळं भरलेलं असतं. निओगोनोडॅक्टिलस वेनेरी ही हातोडीवाली मँटिसची जात या फ्लोरिडाच्या दगडातून हमखास येणारी म्हणून टाकीवाल्यांच्या ओळखीची झाली आहे. पूर्ण वाढली तरी ती बोटाएवढीच राहते.

अशाच फ्लोरिडाच्या दगडांवर उभी केलेली टाकी मी न्यू जर्सीत एका मराठी कुटुंबाच्या घरी पाहिली. तळघराच्या भिंतीला लागून सुमारे 280 लिटर पाण्याची काचेची पेटी, खाली कपाटात पाणी गाळणारी दुसरी छोटी टाकी. यजमान मूळचे चिपळूणचे, नोकरी संगणकाची. त्यांच्या आई, म्हणजे काकू, दापोलीकडच्या. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. घरातला पहिला उपद्रवी सापडला होता तो एक खेकडा. अंगभर केस, आकड्यांची टोकं काळी. टाकीवाले याला गोरिला खेकडा म्हणतात. हे एका जातीचं नाव नाही. झँथिड आणि त्यांच्या जवळच्या कुळांतले कितीतरी केसाळ खेकडे या एका नावाखाली येतात. ओळखण्याची ढोबळ खूण आकड्यांत आहे. चमच्यासारखी बोथट, पोकळ टोकं असली तर तो बहुधा शेवाळ खरवडणारा. टोकं अणकुचीदार आणि जाड असली तर तो मांस फाडणारा.

यजमान चिमटा घेऊन दगडाच्या भोकात कोंबत होते आणि खेकडा आणखी आत सरकत होता. काकू बराच वेळ पाहत होत्या.

"अरे, ढोसून कधी खेकडा बाहेर येतो का? वास लागू दे त्याला," त्या म्हणाल्या. "कोळंबीचं डोकं दे. आणि उजेड बंद कर आधी."

मग झालं ते असं. एक सरळ बाजूंचा काचेचा पेला घेतला. त्यात तळाला दगडाचा खडा ठेवला, म्हणजे तो तरंगणार नाही, आणि शेजारी कोळंबीचं डोकं. पेला टाकीत असा तिरका टेकवला की त्याची कड दगडाला लागेल. खेकडा दगडावरून चालत कडेपर्यंत येतो, वासाने आत उतरतो आणि गुळगुळीत काचेवर त्याचे पाय टिकत नाहीत. आम्ही लाल प्लास्टिक लावलेली बॅटरी घेऊन बसलो. बहुतेक कवचधारींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. पुष्कळ वेळ काहीच हललं नाही. मग भोकाच्या तोंडाशी आधी दोन मिशा दिसल्या, नंतर एक पाय. तो पाय दगड चाचपत राहिला. खेकडा पूर्ण बाहेर यायला इतका वेळ लागला की यजमानांच्या मुलीला झोप अनावर झाली. पेल्याच्या कडेवर तो थांबला, एक आकडा आत घालून पाहिला आणि घसरला. वर यायला त्याने पुन्हा पुन्हा धडपड केली, पण नखं काचेवर नुसती ओरखडत राहिली.

"आता उचल," काकू म्हणाल्या.

खेकड्याला खालच्या गाळणटाकीत सोडलं. तिथे मासे नाहीत, प्रवाळ नाहीत, आणि वरून वाहून येणारं उरलंसुरलं खाणं भरपूर. बऱ्याच घरांत अशा खेकड्यांची सोय इथेच लागते, आणि ती योग्यच आहे.

त्याच टाकीत मँटिसही निघाला होता, पण मँटिस असा पेल्यात उतरत नाही. तो आपलं बीळ सोडून फार लांब जात नाही आणि त्याची नजर तर अफाट. त्याच्यासाठी आधी बीळ हेरावं लागतं. रात्री आवाज कुठून येतो ते ऐकायचं, सकाळी कुठल्या भोकाबाहेर शंखाचे ताजे तुकडे पडलेत ते पाहायचं. मग तो दगडच उचलून बादलीवर धरायचा. यजमानांनी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये साधा, साखर आणि चव नसलेला सोडा भरला आणि बिळात सोडला. सोड्यातल्या कर्बवायूने बिळातलं पाणी श्वास घेण्याजोगं राहत नाही, प्राणी बाहेर येतो. दुसरा उपाय जास्त खारट पाण्याचा. टाकीच्या पाण्याची घनता 1.025 च्या आसपास असते, ती 1.035 ते 1.040 पर्यंत वाढवलेल्या बादलीत दगड मिनिटभर बुडवला तर आतले बरेचसे खेकडे, मँटिस, किडे निसटून तळाला येतात आणि दगडावरचं शेवाळ नि स्पंज बहुतांशी वाचतात. हे दोन्ही उपाय टाकीबाहेरच करायचे. टाकीत सोडा ओतला तर पाण्याचा सामू एकदम घसरतो.

त्या दिवशी बादलीत पडलेला प्राणी हिरवट, ठिपक्यांचा होता, शेपटी आखूड आणि रुंद. देठावरचे दोन डोळे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. मग ते दोन्ही आमच्यावर स्थिरावले. यजमानांनी चमच्याने त्याला ढकलायचा प्रयत्न केला आणि चमच्याला ठोसा बसला. हातात तो झटका जाणवला. या प्राण्याला हाताने कधीच उचलू नये. कोळ्यांनी इंग्रजीत त्याला अंगठा फाडणारा असं नाव उगाच दिलेलं नाही.

हा ठोसा विज्ञानाच्या दृष्टीने विलक्षण आहे. शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मोरपंखी मँटिसच्या हाताचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत मोजला, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर, तोही पाण्यात आणि थांबलेल्या अवस्थेतून. निव्वळ स्नायूंच्या बळावर हे शक्य नाही. हातात खोगिराच्या आकाराची एक स्प्रिंग असते. स्नायू ती दाबतो, खिटी अडकते आणि खिटी सुटली की हात फेकला जातो. मागे बुडबुडे होतात आणि ते फुटल्याने भक्ष्याला दुसरा दणका बसतो. म्हणजे पहिला फटका चुकला तरी शंख हादरतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड किसेलस यांच्या गटाने 2012 मध्ये त्या गोळ्याची आतली रचना उलगडली. तंतूंचे थर प्रत्येक वेळी थोडे फिरवून रचलेले असतात, त्यामुळे तडा सरळ पुढे जाऊ शकत नाही. डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी बारा प्रकारच्या, माणसाच्या तीन. तरीही 2014 मधल्या प्रयोगांत जवळजवळच्या रंगांतला फरक ओळखण्यात मँटिस माणसापेक्षा कमी ठरला. तो रंगांची तुलना न करता झटकन ओळख पटवतो असा अंदाज आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात याचे भाऊबंद ढिगाने येतात. मत्स्यखात्याच्या कागदांत त्यांचं नाव स्क्विला. ते भालेवाले, वाळूत बीळ करणारे. बाजारात भाव नसल्याने त्यातला मोठा हिस्सा खाद्य नाहीतर खत म्हणून जातो. ज्या प्राण्याच्या हातावरून जगभरच्या प्रयोगशाळा नवी कठीण द्रव्यं शोधताहेत, त्याचे हे भाऊबंद आपल्या बंदरांवर असे ढिगात पडून असतात याचं मला वाईट वाटतं.

आता ज्यांच्यावर विनाकारण आळ येतो त्यांच्याविषयी. नवी टाकी लावली की काही आठवड्यांत काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसतात. वाळूत चपट्या, वाकड्या अंगाचे किडे उड्या मारतात. घाबरून लोक दुकानात जातात, औषध विचारतात. ते पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड, ते उड्या मारणारे अँफिपॉड. उरलेलं खाणं, कुजलेलं शेवाळ, मेलेल्या गोष्टी ते साफ करतात आणि स्वतः माशांचं खाद्य होतात. मँडरिन मासा तर जवळजवळ त्यांच्यावरच जगतो. कोपेपॉड नसलेल्या टाकीत तो डोळ्यांदेखत खंगत जातो. प्रवाळाच्या फांद्यांत राहणारा ट्रॅपिझिया हा लहानसा खेकडाही बरेचदा चिमट्याने ओढून काढला जातो. प्रवाळावर पडणारी माती तो झाडतो आणि प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा आला तर त्याच्या पायांना चिमटे काढून हाकलतो. प्रवाळ त्याला आसरा आणि खाणं देतो. त्याला काढणं म्हणजे प्रवाळाचा रखवालदार काढणं. पिस्तूल कोळंबीचंही तसंच. तिची नजर अधू असते; काही जातींत बीळ ती खणते आणि दाराशी गोबी मासा पहारा देतो. तिची एक मिशी सतत माशाच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की मासा शेपूट हलवतो आणि दोघं आत. आवाज ऐकवत नसेल तर गोष्ट वेगळी, पण तुमचे मासे बहुधा तिने मारलेले नसतात.

म्हणून माझं मत ठाम आहे: ज्याला आपण ओळखलेलं नाही त्याला मारू नये. फोटो काढावा, रात्री पाहावं, आकडे पाहावेत, तो काय खातो ते पाहावं.

खरे शत्रूही आहेत. सिरोलॅनिड आयसोपॉड हे त्यातले सगळ्यात वाईट. हे आपल्या ओळखीच्या घराण्यातले. बांगडा साफ करताना कल्ल्यात कधीकधी पांढरट, पुष्कळ पायांचा किडा चिकटलेला सापडतो, तो याच आयसोपॉड गणातला. सिरोलॅनिड मात्र कल्ल्यात कायमचा राहत नाही. दिवसा वाळूत लपतो, रात्री झोपलेल्या माशाला चिकटतो, रक्त पितो आणि निघून जातो. सकाळी माशाच्या अंगावर जखम दिसते, किडा दिसत नाही. त्याला ओळखायचं डोळ्यांवरून, ते मोठे असतात, आणि झपाट्याने पोहण्यावरून. अंगाची गोळी करून पडणारा स्फिरोमॅटिड हा दिसायला याच्यासारखाच, पण निरुपद्रवी. सिरोलॅनिडवर खात्रीचा उपाय एकच, तोही कंटाळवाणा: सगळे मासे दुसऱ्या टाकीत हलवायचे आणि मूळ टाकी तीन-चार महिने माशांविना ठेवायची. एकदा पोट भरलं की हा किडा फार काळ उपाशी राहू शकतो.

नॅथिड हे रक्तपिपासू आयसोपॉड तर खुल्या रीफवरही माशांना छळतात. ग्रेट बॅरियर रीफवर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी 1999 मध्ये दाखवलं की एक सफाई करणारा रास मासा दिवसाला सरासरी 1200 च्या वर परजीवी खातो, त्यात बहुतेक हेच. समुद्रात ही व्यवस्था आपोआप चालते. काचेच्या पेटीत ती मोडलेली असते आणि तिची जागा आपल्यालाच घ्यावी लागते.

प्रवाळ पाळणाऱ्यांना आणखी एका किड्याने रडवलंय. टेगास्टेस अॅक्रोपोरॅनस हा अर्धा मिलिमीटरचा कोपेपॉड, पिवळट अंग आणि त्यावर लाल ठिपका. अॅक्रोपोरा जातीच्या प्रवाळावर तो ठाण मांडतो, प्रवाळाचा रंग उतरतो, वाढ थांबते. त्यावर कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतांसाठी बनवलेलं मिल्बेमायसिन हे औषध लागू पडतं. पण त्या औषधाला लाल ठिपका कळत नाही. सफाई करणारी कोळंबी, शंखातले खेकडे, काचेवरचे निरपराध कोपेपॉड, सगळेच त्याने मरतात. त्यामुळे शहाणे लोक प्रवाळ वेगळ्या भांड्यात काढून त्यालाच औषधाचं स्नान घालतात. तांब्याच्या औषधांचं तर नावच काढू नये. माशांच्या रोगावर ती चालतात, पण कवचधारी, शंख, प्रवाळ कुणालाच सोसत नाहीत, आणि चुनखडी दगड ते तांबं धरून ठेवतो.

वैतागलेला माणूस कधीकधी म्हणतो, दगडच उकळून टाकतो. हे मात्र जिवावर बेतू शकतं. दगडावर वाढणाऱ्या झोअँथिड गटातल्या काही प्रवाळसदृश जीवांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असतं. दगड उकळला किंवा घासला की ते वाफेतून, तुषारांतून श्वासात जाऊ शकतं. अलास्कात 2012 ते 2014 या काळात टाक्यांच्या दुकानांत आणि घरांत अशा विषबाधेचे संशयित प्रकार नोंदले गेले. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमध्ये घरच्या टाकीतला प्रवाळ काढताना सगळं कुटुंब आजारी पडून रुग्णालयात गेलं. लहान मुलं, म्हातारी माणसं असलेल्या घरात तर हा प्रयोग करूच नये. दगड निर्जीव करायचा असेल तर तो घराबाहेर, हातमोजे घालून गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी बदलत राहावं आणि नंतर उन्हात पूर्ण वाळवावा.

महाराष्ट्रात टाकी लावणाऱ्यांसाठी हा प्रश्न आधी कायद्याचा आहे. 2001 पासून रीफ बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रातून ते काढणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि त्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटरवर खोल समुद्रात अँग्रिया बँक हे प्रवाळांचं मोठं पठार आहे, मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथला एक तुकडाही कुणाच्या दिवाणखान्यात येता कामा नये. दुकानदार 'इंडोनेशियाचा आहे, कागद आहेत' म्हणाला तर ते कागद मागून पाहावेत. सिमेंट-वाळूचे किंवा भाजलेल्या मातीचे कृत्रिम दगड आता सहज मिळतात. त्यांत जीवाणू रुजायला काही आठवडे जास्त लागतात, पण त्यांतून मँटिस निघत नाही. आपल्याकडे तरीही उपद्रवी येतातच: शेवाळाच्या गुंत्यात, शंखांवर, दुकानाच्या पाण्याबरोबर. नवीन आणलेली प्रत्येक गोष्ट महिना-दोन महिने वेगळ्या, साध्या टाकीत ठेवली तर त्यातले बहुतेक तिथेच सापडतात. टाकी पाहायला माणसं येणार म्हणून ही पायरी गाळायचा मोह होतो, आणि पुढची कित्येक महिन्यांची डोकेदुखी तिथेच सुरू होते.

पकडलेल्या प्राण्याचं काय करायचं, याचं एक उत्तर पूर्णपणे बाद आहे: जवळच्या समुद्रात सोडणं. हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला लायनफिश फ्लोरिडाजवळ 1985 मध्ये पहिल्यांदा दिसला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे आणि तिथले लहान मासे फस्त करतो आहे. फ्लोरिडाचा मँटिस न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सोडणं, किंवा परदेशी कोळंबी वर्सोव्याच्या खाडीत सोडणं, हे त्याच जातीचं पाप आहे. ठेवता येत नसेल तर ठेवणारा शोधावा. मँटिस हौसेने पाळणारे लोक आहेत. तेही जमलं नाही तर त्याला त्रास न देता मारावा. पाण्यात लवंगेचं तेल मिसळून आधी बेशुद्ध केलं तर यातना कमी होतात.

न्यू जर्सीच्या यजमानांनी मँटिस ठेवून घेतला. अॅक्रिलिकची छोटी टाकी, तळाला वाळू, प्लास्टिकच्या नळीचा एक तुकडा बीळ म्हणून. काचेऐवजी अॅक्रिलिक का, असं काकूंनी विचारलं, तेव्हा नातीने त्यांना टायसनची गोष्ट सांगितली. त्याला आठवड्यातून काही वेळा शंख नाहीतर कोळंबीचा तुकडा मिळतो. कात टाकायच्या आधी तो नळीचं तोंड खड्यांनी बुजवून घेतो आणि काही दिवस खात नाही. नवं कवच घट्ट होईपर्यंत त्याला छेडायचं नाही, अशी चिठ्ठी मुलीने टाकीवर चिकटवली आहे.